महाधमनीच्या शस्त्रक्रियेनंतर प्राणवायू का कमी पडतो?

नमस्कार श्रोतेहो. इथे नाशिकमध्ये अतिदक्षता विभागाच्या दाराशी डबा घेऊन बसलेले नातेवाईक मला हमखास विचारतात, "डॉक्टर, ऑपरेशन चांगलं झालं म्हणता, मग तिसरा दिवस उजाडला तरी घशातली व्हेंटिलेटरची नळी का काढली नाही?" त्या प्रश्नामागची भीती मी जाणतो, म्हणून आज त्याचे उत्तर सविस्तर देतो.

हृदयातून निघणाऱ्या महाधमनीचा आतला पदर फाटून रक्त तिच्या भिंतीत शिरले, की छाती उघडून तो भाग तातडीने बदलावा लागतो. त्या काळात रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरते आणि फुप्फुसे मिटून पडलेली असतात. महाधमनीच्या कमानीवर काम करायचे असेल, तर शरीर थंड करून रक्ताभिसरणही काही मिनिटे थांबवतात. यंत्राच्या नळ्यांतून फिरलेल्या रक्तातील पांढऱ्या पेशी खवळतात, त्यामुळे फुप्फुसांतल्या केशवाहिन्या पाझरू लागतात, वायुकोशांत पाणी उतरते आणि प्राणवायू रक्तात पुरेसा मिसळत नाही. भरपूर रक्त चढवावे लागले असेल, रुग्ण स्थूल असेल किंवा वर्षानुवर्षे बिडी ओढत असेल, तर हा धोका वाढतो.

बोटाला लावलेल्या चिमट्यावर ९६ दिसले, की घरच्यांना हायसे वाटते. आम्ही मात्र त्यासाठी व्हेंटिलेटरमधून किती प्राणवायू द्यावा लागतो, तेही पाहतो. साध्या हवेत तो २१ टक्के असतो आणि तेवढ्यावर निरोगी माणसाच्या धमनीतील प्राणवायूचा दाब सुमारे ९५ मिलिमीटर पारा भरतो. या दाबाला प्राणवायूच्या प्रमाणाने, म्हणजे ०.२१ ने भागले, तर ४५० च्या आसपास उत्तर येते. हाच दाब ९० वर टिकवायला ६० टक्के, म्हणजे ०.६, प्राणवायू लागत असेल, तर उत्तर १५० येते. अशा फुप्फुसांवरून नळी काढण्याची घाई करणे मला धोक्याचे वाटते.

म्हणून व्हेंटिलेटरचे श्वास लहान ठेवतो, वायुकोश मिटू नयेत एवढा दाब राखतो, लघवीवाटे जादा पाणी काढतो, आणि प्रसंगी रुग्णाला पालथेही झोपवतो.

नळी निघाल्यावर मात्र खरे काम रुग्णाचे असते. छातीशी उशी घट्ट धरून खोकायचे आणि श्वास ओढला की वर उचलले जाणारे तीन छोटे चेंडू असलेल्या यंत्रातून श्वास सावकाश आत ओढायचा. दुखते, हे मान्य आहे. वेदनाशामक मागून घ्या, पण श्वास आखडता घेऊ नका. पहिल्या दिवशी बहुधा एकच चेंडू जेमतेम हलतो. नातेवाईकांनी जवळ बसून, थकवा येऊ न देता, जागेपणी तासातासाला तो पुन्हा उचलायला लावावा.