पोदेराचा पोंपों आणि अडलेलं पोट

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय आपण घरातसुद्धा दबक्या आवाजात बोलतो. वजन उतरवायला डाएट सुरू केलं, पहिले तीन-चार दिवस उत्साहात गेले, आणि मग पोट साफ होणंच बंद झालं. मी आहाराचा सल्ला देण्याचं काम करते. माझ्याकडे येणारी माणसं वजन सांगतात, साखर सांगतात, गुडघे दुखतात ते सांगतात. हे मात्र निरोप घेऊन दारापर्यंत गेल्यावर, चपलेत पाय घालता घालता सांगतात. बायका तर बहुधा सांगतच नाहीत. म्हणून आता मीच पहिल्या भेटीत विचारते, परसाकडे रोज होतं का? खडा होतो का? यात लाजण्यासारखं काही नाही. जेवणाबद्दल बोलायचं तर जेवण पुढे कुठे जातं त्याबद्दलही बोलायला हवं.

आणि हे मला नीट शिकवलं ते माझ्या मामीनं. तिची गोष्ट सांगते. तिला विचारूनच सांगते आहे. ती म्हणाली, सांग, लोकांच्या उपयोगी पडेल, फक्त गावाचं नाव घेऊ नकोस. तर एवढंच सांगते की गाव गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं, घर जुनं, मागे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग.

मामी तेव्हा 63 वर्षांची. गुडघे दुखायचे. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आठ किलो तरी कमी करा. गावची जत्रा तोंडावर होती आणि पालखीमागून चालायची तिची फार इच्छा. मुंबईच्या मुलानं मोबाइलवर एक तक्ता पाठवला. सकाळी दोन अंड्यांतला पांढरा भाग आणि बिनदुधाची कॉफी. दुपारी उकडलेलं चिकन आणि काकडी. रात्री गाळलेलं सूप. शीत म्हणजे भात बंद, पोई म्हणजे कोंड्याचा गोल पाव बंद, नारळ बंद, चहा बंद. मामी जिद्दीची बाई. तिनं तक्ता फ्रिजच्या दारावर चिकटवला आणि अक्षरशः पाळला. आठवड्यात काटा अडीच किलोंनी खाली आला. तिचा आनंद गगनात मावेना. सगळ्या नातेवाइकांना फोन झाले.

मग आठव्या दिवशी पहाटे साडेपाचला मला फोन. "बाय, पोट फातर जालां गो." पोट दगड झालंय. मी विचारलं, कधीपासून? थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "पाच दीस."

मी गेले. उलटी नाही, ताप नाही, वारा सरत होता, पोट ताठ होतं पण फुगून टणक झालेलं नव्हतं. त्यामुळे जरा धीर आला. पण टेबलावर एक डबा दिसला, वजन उतरवणाऱ्या चहाचा. शेजारणीनं दिलेला. मी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. त्यात सोनामुखी होती. मामीनं तो दोन दिवसांपूर्वी रात्री दोन कप घेतला होता. पोटात मुरडा, तीन वेळा नुसतं पाण्यासारखं, चक्कर. सकाळी काटा आणखी एक किलो खाली. आणि दुसऱ्या दिवशी परत सगळं बंद.

श्रोतेहो, हे दोनदा सांगते. सोनामुखीनं उतरतं ते पाणी. चरबी नव्हे. सोनामुखी आतड्याला चाबूक मारते, आतलं पाणी आणि मळ बाहेर पडतो, काटा हलतो आणि आपण फसतो. चरबी जागच्या जागी असते.

मी स्वयंपाकघरात बसून होते. बाहेर अजून गारवा. मामा कुळागराला पाणी लावून आले. आणि तेवढ्यात लांबून पोंपों ऐकू आला. पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, सायकलचा भोंगा. आमच्या गोव्यात ज्यानं पहाट काढली आहे त्याला तो आवाज वेगळा समजवायला नको. मामा पिशवी घेऊन गेले, चार पोया घेऊन आले, टेबलावर ठेवल्या. गरम होत्या, पिशवीला आतून वाफ धरली होती, वर कोंड्याची पूड. मी मामीकडे बघत होते. पोंपों वाजल्याबरोबर ती उठली होती. तिचा हात गॅसच्या लायटरकडे गेला, मग चहाच्या पातेल्याकडे, आणि मग तिला काहीतरी आठवलं आणि तो हात तिनं मागे घेतला. पदराला पुसला. परत येऊन खुर्चीत बसली.

मी विचारलं, मामी, आधी तुझी सकाळ कशी असायची? ती म्हणाली, आणखी कशी? पोदेर आला की चहा टाकायचा. एक पोई, कालची अळसांद्यांची, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची, पातळ भाजी उरली असेल तर ती. मग परसाकडे. मग आंघोळ, देवपूजा. लग्न होऊन या घरात आल्यापासून, 40 वर्षं.

तिथे मला सगळं कळलं. पोदेराचा पोंपों हे मामीच्या आतड्याचं घड्याळ होतं. जठरात काही पडलं, विशेषतः सकाळी आणि गरम, की मोठ्या आतड्याला हलण्याचा इशारा मिळतो. दिवसातला सगळ्यांत जोरदार इशारा तो. तक्त्यानं तिची पोई काढली, भाजी काढली, चहा काढला. 40 वर्षांचं घड्याळ एका दिवसात बंद पाडलं.

मी तिला म्हटलं, चहा टाक. ती तक्त्याकडे बघू लागली. मी उठून तो काढला, घडी घातली आणि फ्रिजवर ठेवला. एक अख्खी पोई खायला लावली, वाटीभर अळसांदे, दुधाचा चहा पाऊण चमचा साखर घालून. त्याआधी तांब्याभर कोमट पाणी. रात्री एक चमचा इसबगोल पूर्ण पेलाभर पाण्यात, लगेच प्यायचं, वर आणखी एक पेला.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मामा काळजीत, मुलाचा मुंबईहून फोन की पोईत कार्बोहायड्रेट असतात. मी म्हटलं, उद्यापर्यंत थांबू, नाही तर डॉक्टरांकडे जाऊ. तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला फोन वाजला. हॅलो नाही, काही नाही. "जालें गो बाय, जालें!" आवाजात जो आनंद होता तो अडीच किलोंच्या फोनमध्येही नव्हता.

पुढे तिनं पोई सोडली नाही. दिवसाला दोनची एक केली. शीत तीन वाढपांऐवजी दीड. हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, नारळ अर्धा. तळलेलं नुस्तं, म्हणजे मासे, आठवड्यातून एकदा. चार महिन्यांत सहा किलो उतरले. त्या वर्षीची जत्रा हुकली, पण पुढच्या वर्षी पालखीमागून चालली.

माझा जीव या पोदेरात अडकला आहे हे खरं. पूर्वी पीठ आंबवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरायचे, आता यीस्ट. आता पुष्कळ घरांत दुकानातला पाकिटातला पाव येतो. मला ते आवडत नाही. सकाळी माणूस दारात येतो, दोन शब्द बोलतो, त्याची सर पाकिटाला नाही.

आता असं का होतं ते थोडक्यात. मळाला भर येते चोथ्यानं, म्हणजे फायबरनं, आणि पाण्यानं. चोथा आणि पाणी. अंडं, चिकन, मासळी यांत चोथा शून्य. काकडी बहुतेक सगळी पाणीच, 100 ग्रॅममध्ये चोथा अर्धा-एक ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला निदान 25 ग्रॅम चोथा सांगते. त्या तक्त्यावर तो कुठून मिळणार? दुसरी गोष्ट, शरीर साखरेचा जो साठा यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भात-पाव एकदम तोडला की तो साठा संपतो आणि पाणी लघवीवाटे जातं. पहिल्या आठवड्याचे किलो बहुतेक हेच. त्यात जेवण कमी म्हणजे जेवणातलं पाणीही कमी. मळ आतड्यात जितका रेंगाळतो तितकं आतडं त्यातलं पाणी शोषतं, आणि त्याचा खडा होतो.

म्हणून माझं सांगणं एकच. ताट लहान करा, ताटातला पदार्थ हद्दपार करू नका. परत सांगते, ताट लहान करा, पदार्थ हद्दपार करू नका.

चोथा आपल्या दारात आहे. तांबडी भाजी, अळसांदे, कुळीथ, मूग, नाचणीची तिजान म्हणजे पेज, पपई, पेरू बियांसकट. पावसात तायकिळो म्हणजे टाकळा आणि फागलां म्हणजे करटोली. ब्रोकोलीसाठी सुपरमार्केटात जायची गरज नाही. फोंड्याच्या, म्हापशाच्या बाजारात जमिनीवर बसलेल्या बायकांकडून घ्या. आणि या बायकांबद्दल एक बोलल्याशिवाय मला राहवत नाही. त्या सकाळपासून दुपारपर्यंत तहान मारून बसतात, कारण जवळ जाण्यासारखं स्वच्छ शौचालय नसतं. आपल्याला भाजी विकणाऱ्या बाईचंच पोट अडलेलं असतं. प्रत्येक बाजारात बायकांसाठी स्वच्छ, पाण्याची, कडी लागणारी जागा असलीच पाहिजे.

चोथा एकदम वाढवू नका, पोटात वारा धरेल. आठवड्याभरात हळूहळू वाढवा, आणि त्याच्याबरोबर पाणी वाढवा. पाण्याशिवाय इसबगोल घेतला तर उलट अडकून बसतो. तुमची नेहमीची औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. गिळायला त्रास असेल तर इसबगोल घेऊच नका. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांना विचारा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनीही पोट अडतं, वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांनीही अडतं. तुमचं यातलं काही चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, मनानं बंद करू नका.

गुडघ्यांमुळे कमोड वापरत असाल तर पायाखाली वीतभर उंचीचं स्टूल घ्या आणि थोडं पुढे वाका. उकिडवं बसल्यासारखी वाट सरळ होते. मामीच्या न्हाणीत ते स्टूल अजून आहे.

वजन वाढतंय आणि पोटही अडतंय, दोन्ही एकत्र, त्यात थकवा आणि थंडी सोसत नाही, असं असेल तर डाएटच्या आधी थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. शौचातून रक्त, उलट्या, फुगून टणक झालेलं पोट, वारासुद्धा सरत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी घरगुती उपाय नकोत, त्याच दिवशी दवाखाना गाठा. पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली आणि बदललेलीच राहिली तरी डॉक्टरांना दाखवा, मग डाएट चालू असो वा नसो.

मामी आता 70 ची झाली. परवा बोलताना म्हणाली, पोदेर आजकाल रविवारी येत नाही. म्हणून ती शनिवारी एक पोई जास्त घेते, फडक्यात गुंडाळून ठेवते आणि रविवारी त्याच वेळेला तव्यावर गरम करून खाते.

नमस्कार.