वायपर कुरकुरतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

मृग नक्षत्र लागलं की आपल्याकडे दोन आवाज हटकून सुरू होतात. एक बेडकांचा आणि दुसरा गाड्यांच्या वायपरचा. बेडकांना कोणी काही म्हणत नाही. वायपर मात्र कशेडीच्या अलीकडे कुरकुरायला लागला की सावंतवाडी येईपर्यंत डोकं उठवतो. बरं, एवढी बोंब मारून काच तरी पुसावी! तीही नाही. काचेवर रेघा त्या रेघाच. रात्री समोरून डंपर आला की त्याच्या दिव्यांत त्या सगळ्या रेघा चकाकतात, आणि नेमक्या त्या क्षणी रस्ता दिसत नाही.

मग आपण दुकानात जातो, ब्लेडची नवी जोडी घेतो, बसवतो. दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी पुन्हा कर्र. मग दुकानदाराच्या नावाने खडे फोडायचे, "डुप्लिकेट माल दिलान मेल्यान." गॅरेजमध्ये उभं राहून मी हे दर पावसाळ्यात बघतो. म्हणून आज एवढंच सांगायचं आहे की पैसे टाकण्याआधी आवाज कान देऊन ऐका आणि रेघ डोळे उघडून बघा. दुखणं कुठे आहे ते दोन्ही मिळून सांगतात. आणि आपल्या किनारपट्टीवर ते पुष्कळदा ब्लेडमध्ये नसतंच, काचेवर असतं.

आधी हे काम चालतं कसं ते बघू. ब्लेडखालची रबराची पट्टी हातात घेऊन निरखा. वर जाड भाग, मध्ये बारीक मान आणि खाली पातळ धार. वायपर डावीकडे निघाला की धार उजवीकडे कलते, परत फिरताना ती पलटी मारते आणि दुसऱ्या बाजूला कलते. म्हणजे रबर नेहमी काचेवरून ओढलं जायला हवं, ढकललं जाता कामा नये. पडवीत शिरलेलं पावसाचं पाणी आपण रबरी वायपरने काढतो तेव्हा हेच अनुभवतो. दांडा कलता धरून ओढला तर सुळकन येतो, उभा धरून रेटला तर ठणठण उड्या मारतो. गाडीचं रबर उन्हाने कडक झालं, मान लवेनाशी झाली, की धार पलटत नाही. एका दिशेला ओढली जाते आणि दुसऱ्या दिशेला रेटली जाते. तीच ती थरथर.

आता काचेकडे येऊ. कोकणातली काच काय काय सोसते बघा. दर्याच्या वाऱ्याबरोबर येणारी खार रात्रीतून बसते. मालवण, गुहागर, हर्णै अशा ठिकाणी घर किनाऱ्याला असेल तर सकाळी काचेवर बोट फिरवा, चिकट लागेल. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावली की तुडतुड्यांचा गोडसर चिकटा वरून ठिबकत राहतो, मग त्यावर काळी बुरशी धरते. फणसाच्या चिकाचं तर विचारूच नका. उन्हाळाभर महामार्गाच्या कामाची तांबडी धूळ, पुढच्या ट्रकचा डिझेलचा धूर. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे वॉशिंग सेंटरवाला हौसेने बॉनेटबरोबर काचेलाही पॉलिश मारून देतो. काच चकचकीत दिसते, आपण खूश होतो. पहिल्या पावसात त्याच मेणावर रबर अडखळतं आणि आपण ब्लेडला दोष देतो.

परीक्षा सोपी आहे. काचेवर तांब्याभर पाणी ओता. पाणी एकसारखं पसरून खाली उतरलं तर काच स्वच्छ. कुठे पसरलं आणि कुठे थेंब धरून बसलं, तर तेलकट थर आहे असं समजा. मुद्दाम पाणी झटकणारं कोटिंग करून घेतलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे थेंब धरणारच.

थर काढायला भारी औषध लागत नाही. बादलीभर पाण्याने आधी काच नुसती धुऊन घ्या, म्हणजे रेती निघून जाते. रेतीसकट घासलीत तर चरे तुम्हीच पाडाल. मग भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब किंवा शॅम्पूची पुडी मऊ स्पंजवर घेऊन काच वरपासून खालपर्यंत घासा. ब्लेड जिथे टेकून बसतात तो खालचा पट्टा सगळे विसरतात, आणि घाण सगळ्यात जास्त तिथेच असते. खारेचे, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग साबणाने हटत नाहीत. त्यांना पांढरा व्हिनेगर पाणी घालून लावा, जरा वेळ थांबा आणि धुऊन टाका.

मग रबर. ब्लेड धरणारा दांडा, म्हणजे आर्म, उभा करा. एका हाताने तो धरून ठेवा, सोडू नका, स्प्रिंग जोरकस असते. दुसऱ्या हातात ओली सुती चिंधी घ्या, तिच्या चिमटीत रबराची धार धरा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच दमात ओढा. चिंधीवर काळीकुट्ट रेघ उमटेल. घडी बदला, पुन्हा ओढा. काळा रंग फिका झाला की थांबायचं. चिंधी पांढरीशुभ्र निघेपर्यंत घासत बसू नका, कारण मागून येणारा काळा रंग मळाचा नसतो, रबराचाच असतो. बऱ्याच रबरांवर घसरण नीट व्हावी म्हणून ग्रॅफाइटचा लेप असतो. तो खरवडून काढलात तर नवं रबरही कुरकुरेल. धारेला पॉलिश पेपर मारायचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या. तशी धार दोन दिवस चालते आणि कायमची बोथट होते.

रॉकेल, डिझेल, पेट्रोल रबराला लावायचं नाही, त्याने ते फुगतं आणि सैल पडतं. खोबरेल तेल कशालाही चालतं अशी आपली श्रद्धा आहे, पण इथे चालत नाही. त्याने आवाज थांबतो आणि दिसायचंही थांबतं.

तंबाखूचं विचाराल, तर हो, जुने ड्रायव्हर काचेला ओली तंबाखू चोळायचे, कोणी कापलेला बटाटा चोळायचे. तो उपाय अगदीच खोटा नाही. त्या रसाने पाणी थेंब न धरता पातळ पसरतं आणि थोडा वेळ रस्ता दिसतो. घाटात अडकलात तर जरूर करा, पण त्याला दुरुस्ती म्हणू नका.

एवढं करून वायपर चालवा. आवाज गेला, रेघा गेल्या, तर खर्च शॅम्पूच्या पुडीचा. नाही गेला तर आता रेघ वाचायची. केसासारखी बारीक, दरवेळी त्याच जागी उमटणारी रेघ म्हणजे धारेला तिथे खाच पडली आहे किंवा कण अडकला आहे. कण काढता येतो, खाचेला इलाज नाही, रबर बदला. चार बोटांएवढा रुंद पट्टा पुसलाच जात नसेल तर रबर तिथे काचेला टेकत नाही. ब्लेडची फ्रेम वाकली असेल, किंवा आर्मची स्प्रिंग मेली असेल. गाडी वेगात असताना ब्लेड उचलल्यासारखा वाटतो तोही स्प्रिंगचाच प्रकार. आणि धारेवर आडव्या बारीक भेगा दिसल्या तर रबराचं वय झालं. ऊन आणि हवेतला ओझोन रबराला असंच खातात. गाडी महिनोन्‌महिने उघड्यावर उभी राहिली की कमी फिरूनही रबर मरतं. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांत हे फार दिसतं. ब्लेड नवे दिसतात, वर्षभरात फारसे फिरलेले नसतात, आणि धार मात्र वाळलेल्या कातड्यासारखी ताठ.

आवाजाचं वाचन त्याहून मजेशीर आहे. दोन्ही दिशांना कर्र होत असेल तर काच किंवा रबर. जाताना गप्प आणि येतानाच थरथर, किंवा उलट, आणि रबर कडक झालेलं नसेल, तर आर्म पिळलेला आहे हे जवळजवळ नक्की. हा दोष ब्लेड बदलून जन्मात जायचा नाही. धुताना कोणी आर्म ओढतो, पोरं लोंबकळतात, नारळाची झावळ पडते, आणि आर्म किंचित पिळला जातो. मग रबर काचेवर काटकोनात न बसता एका अंगाला झुकलेलं राहतं. वायपर काचेच्या मध्यावर असताना गाडीची चावी बंद करा. बऱ्याच गाड्यांत तो तिथेच थांबतो. आता ब्लेडच्या टोकाकडून बघा. फ्रेम काचेला सरळ उभी आहे की कलली आहे, ते डोळ्यांना दिसतं.

सरळ करायचं काम गॅरेजवाल्याकडून करून घेतलेलं बरं. स्वतः करायचंच असेल तर एक गोष्ट पाळा. ब्लेड काढण्याआधी काचेवर जाड टॉवेल किंवा गोणपाट अंथरा. ब्लेड नसलेला आर्म हातातून सुटला की त्याचं लोखंडी टोक काचेवर आदळतं, आणि पाचशे रुपयांच्या आतबाहेर मिळणाऱ्या जोडीपायी कित्येक हजारांची काच जाते. मग आर्मच्या टोकाला पाना लावून अगदी थोडा पीळ द्यायचा, ब्लेड बसवून बघायचं, पुन्हा थोडा. जोर लावायचं हे काम नाही.

कधी आवाज काचेवरून येतच नाही, खाली बॉनेटच्या कडेतून येतो. तिथल्या जाळीखाली मोटर आणि वायपरचे सांधे असतात. ते कोरडे पडले, बुश झिजले, की चूं चूं करतात. त्याच जाळीखाली आपल्याकडे आंब्याचा, फणसाचा पाला साठून कुजतो. पाणी जायची भोकं तुंबतात, मोटर पाण्यात बसते, आणि एक दिवस शेजारी बसलेल्या वहिनींच्या पायाखाली पाणी येतं. मे महिन्यात कौलांवरचा पाला काढता ना? तेव्हाच गाडीची ही जाळीही साफ करून टाका.

आणखी एक तक्रार, जी मुळात वायपरची नाहीच. "रबर नवं आहे, काच धुतली, तरी समोर धूसर दिसतं." आत बोट फिरवून बघा. आत ओल लागली तर बाष्प आतलं आहे, एसी लावून हवा पुढच्या काचेवर सोडा, जाईल. आत कोरडं असेल तर बाष्प बाहेरून धरलंय. पावसाळ्यात आपली हवा दमट आणि उबदार, आणि एसीने काच थंडगार, मग बाहेरच्या अंगाला दव धरतं. लोक आतून फडका मारून थकतात. अशा वेळी वायपरचा एक हात मारा आणि एसीची थंडी कमी करा. आंबोली चढताना हा अनुभव हमखास.

आंबोलीवरून आठवलं. तिथे वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वायपर मिनिटाला ४५ फेऱ्या मारतो असं धरलं तर तासाला २,७०० फेऱ्या झाल्या. मुंबईहून सिंधुदुर्गात भर पावसात येणाऱ्या गाडीचं रबर एका प्रवासात किती घासतं याचा हिशेब तुम्हीच करा. ही वस्तू अगदी सुरुवातीला ज्यांना सुचली त्यांतल्या एक म्हणजे अमेरिकेतल्या मेरी अँडरसन या बाई. १९०३ साली त्यांना पेटंट मिळालं. ट्राममधून जाताना त्यांनी पाहिलं, की बर्फ पडतोय आणि चालकाला समोरचं दिसत नाही. त्यांचा वायपर आतून हाताने दांडा फिरवून चालायचा. आपल्याकडे आज १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार समोर काच असलेल्या गाडीला चालू स्थितीतला वायपर लागतोच. फिटनेसच्या वेळी तेवढा चालवून दाखवायचा आणि एरवी कुरकुरू द्यायचा, हे आपलं चालूच आहे.

घाटात ऐन पावसात रबर निसटलं तर? वायपर आधी बंद करा. रबराविना नुसती लोखंडी पट्टी काचेवर फिरली की अर्धगोल चरा पडतो, आणि तो रबर बदलून जात नाही. वळणावर थांबू नका, हळूहळू पुढे घेऊन मोकळ्या जागी, पार्किंगचे दिवे लावून उभे राहा. मग शेजारच्या बाजूचं ब्लेड काढून ड्रायव्हरच्या बाजूला बसवा. ते बहुधा आखूड असतं, पण आर्मला ब्लेड अडकवायचा हूक बऱ्याच गाड्यांत सारखाच असतो, आणि समोरचं तेवढं दिसलं तरी चिपळूण नाहीतर कणकवली गाठता येते. रिकाम्या आर्मच्या टोकाला मात्र फडका घट्ट गुंडाळा.

दुकानात मागताना "अमक्या गाडीचे ब्लेड द्या" एवढ्यावर भागत नाही. एकाच गाडीच्या जुन्या-नव्या मॉडेलला माप वेगळं असू शकतं, आणि दोन बाजूंची लांबी पुष्कळदा निरनिराळी असते. घरी टेपने दोन्ही मोजा, हूकचा मोबाइलवर फोटो काढा. फ्रेम शाबूत असेल तर नुसतं रबर मिळतं का ते आधी विचारा. काही दुकानदार नाही म्हणतील, कारण त्यांना जोडी विकायची असते. दुसऱ्या दुकानात विचारा.