लाह्यांनी भरलेले घर

अध्यक्ष महोदया, कार्यकारिणीतील सहकारी आणि जमलेल्या मंडळींनो,

या देशात आल्यावर पाहिलेल्या पहिल्या चित्रपटाविषयी बोला, असे मला सांगण्यात आले, तेव्हा एखाद्या भारदस्त चित्रपटाचे नाव घ्यावे, असा मोह क्षणभर झाला होता. परंतु १९८५ सालच्या शरद ऋतूत, दक्षिण कॅलिफोर्नियातील एका जुन्या, स्वस्त तिकिटाच्या चित्रपटगृहात मी तिघा खोलीबंधूंबरोबर जो चित्रपट पाहिला, तो निखळ विनोदी होता, त्याचे नाव 'रिअल जीनियस' होते, आणि त्याच्या शेवटी एका प्राध्यापकाचे अख्खे घर मक्याच्या लाह्यांनी फुगून फुटते. तो त्याच वर्षी ७ ऑगस्टला प्रदर्शित झाला होता, तिकीटबारीवर फारसा चालला नव्हता, म्हणूनच एवढ्या लवकर आमच्या खिशाला परवडणाऱ्या पडद्यावर येऊन पोहोचला होता.

ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. मिच टेलर हा पंधरा वर्षांचा मुलगा शाळा संपायच्या आतच 'पॅसिफिक टेक' नावाच्या काल्पनिक संस्थेत दाखल होतो. तेथे ख्रिस नाइट हा शेवटच्या वर्षातील विद्यार्थी त्याचा खोलीबंधू होतो. ही भूमिका व्हॅल किल्मर यांची. प्राध्यापक जेरी हॅथवे या मुलांकडून पाच मेगावॉट क्षमतेचा लेझर तयार करून घेत असतात, आणि तो नक्की कोणासाठी, हे मुलांना ठाऊक नसते. दिग्दर्शन मार्था कूलिज यांचे आहे, आणि हे मुद्दाम सांगतो, कारण या प्रकारचे त्या दशकातील बहुतेक चित्रपट पुरुषांनीच काढलेले होते.

या चित्रपटातील एक प्रसंग आम्हा चौघांना जन्मभर पुरला. गणिताच्या वर्गात मिच नेमाने येऊन बसतो. पहिल्या दिवशी वर्ग भरलेला असतो. पुढे एकेका बाकावर विद्यार्थ्याऐवजी टेपरेकॉर्डर दिसू लागतो, त्यांची संख्या वाढत जाते, आणि अखेरीस एके दिवशी मिच आत येतो तो प्राध्यापकांच्या टेबलावरही एक मोठा टेपरेकॉर्डर फिरत असतो आणि बाकांवरचे छोटे टेपरेकॉर्डर त्याचे व्याख्यान निमूटपणे टिपून घेत असतात. संवाद जवळजवळ नाहीच. ज्यांनी महाविद्यालयात प्राध्यापकांच्या पिवळ्या पडलेल्या टिपणांवरून आपली टिपणे उतरवली आहेत, त्यांना या दृश्याचे भाषांतर करून सांगावे लागत नाही.

त्या काळात हुशार विद्यार्थ्यांवरच्या विनोदी चित्रपटांची एक छोटी लाटच आली होती. आयबीएमचा वैयक्तिक संगणक १९८१ मध्ये बाजारात आला, मॅकिंटॉश १९८४ च्या जानेवारीत आला, आणि चष्मा लावून कोपऱ्यात यंत्रांशी खेळणारा मुलगा एकाएकी पडद्याच्या मध्यभागी आला. या लाटेतला सर्वांत गाजलेला चित्रपट म्हणजे १९८४ चा 'रिव्हेंज ऑफ द नर्ड्स'. तो आम्ही नंतर व्हिडिओ कॅसेटवर पाहिला, आणि खरे सांगायचे तर आम्हाला तो कळलाच नाही. म्हणजे भाषा कळली, विनोद कळले. परंतु मुळातच अभ्यासू मुलांना सर्वांनी मिळून का छळावे, हे कळले नाही. 'नर्ड' या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. 'पुस्तकी किडा' म्हणता येईल, 'स्कॉलर' हा शब्द आपण किंचित तिरकसपणे वापरतो, पण 'हुशार' ही आपल्याकडे शिवी कधीच नव्हती. आमच्या गावात बोर्डात आलेल्या मुलाचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून येई, आई त्याला पेढा भरवते आहे असे, आणि पुढची दहा वर्षे गल्लीतील प्रत्येक मुलाला ते छायाचित्र ऐकवले जाई. अमेरिकेतील हुशार मुलाला मार खावा लागे. आपल्याकडच्या हुशार मुलाला ओझे वाहावे लागे. ही दोन दुःखे वेगवेगळी आहेत, आणि सूडाचा चित्रपट त्यांपैकी पहिल्यावरच औषध होता.

'रिअल जीनियस' मात्र थेट आमच्यावर येऊन आदळला, कारण त्यात छळणाऱ्या पैलवानांची टोळीच नाही. तेथे सगळेच हुशार आहेत. जो खलनायकी विद्यार्थी आहे, तो केंटसुद्धा हुशार आहे, फक्त प्राध्यापकांचा चमचा आहे. अशा ठिकाणी हुशारी हे वेगळेपण उरत नाही, आणि मग प्रश्न असा उभा राहतो की, तिचे करायचे काय? ख्रिस नाइटचे उत्तर असे की, तिच्याशी खेळायचे. वसतिगृहाच्या मार्गिकेत बर्फ गोठवून त्यावर घसरायचे, व्याख्यानगृहाचा पोहण्याचा तलाव करायचा. आम्हा चौघांपैकी कोणीही आयुष्यात तोवर बुद्धी या गोष्टीकडे खेळणे म्हणून पाहिले नव्हते. आमच्या लेखी ती घरातील एकुलती एक गाय होती. तिच्या दुधावर बहिणीचे लग्न, वडिलांचे कर्ज आणि विमानाचे तिकीट, असे सगळे चालायचे होते. त्या गाईला कोणी अंगणात नाचवताना पाहिले, तर जसे वाटेल, तसे आम्हाला वाटले. थोडा धक्का बसला, आणि पुष्कळ मत्सर वाटला.

हे सगळे कल्पनेतले असेल, असे आम्ही समजत होतो, आणि तेथे आमची चूक झाली. 'पॅसिफिक टेक' हे पासाडेनाच्या कॅलटेक या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या नामवंत संस्थेवरून बेतलेले आहे, आणि तेथील विद्यार्थ्यांच्या खोड्या चित्रपटापेक्षा फारशा मागे नाहीत. १९६१ साली रोझ बोल या फुटबॉल सामन्यात वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्रेक्षक हातातील रंगीत पत्रे उलटून आकृत्या उमटवणार होते. कॅलटेकच्या मुलांनी त्यांच्या सूचनापत्रिका गुपचूप बदलल्या, आणि दूरचित्रवाणीवर देशभर पाहणाऱ्या लोकांना त्या प्रेक्षकांनीच 'कॅलटेक' ही अक्षरे उमटवून दाखवली. १९८४ च्या रोझ बोलमध्ये तर त्यांनी धावफलकाचाच ताबा घेतला आणि मैदानावर दुसरेच संघ खेळत असताना, कॅलटेकने एमआयटीवर ३८ विरुद्ध ९ अशी मात केल्याचे झळकवले. चित्रपटात लॅझ्लो हॉलीफेल्ड नावाचे एक पात्र वसतिगृहाखालच्या भुयारात राहून एका खाद्यपदार्थ कंपनीच्या सोडतीसाठी लाखो प्रवेशिका यंत्रावर छापत बसते आणि जवळजवळ एक तृतीयांश बक्षिसे पटकावते. यामागेही खरी घटना आहे. १९७५ साली कॅलटेकच्या काही विद्यार्थ्यांनी मॅकडोनाल्ड्सच्या सोडतीचे नियम नीट वाचले, प्रत्येकाने किती प्रवेशिका पाठवाव्यात यावर बंधन नाही हे त्यांच्या लक्षात आले, आणि त्यांनी संस्थेच्या संगणकावर सुमारे १२ लाख प्रवेशिका छापल्या. त्यांना मोटारगाडीसह पुष्कळ बक्षिसे मिळाली. नियम त्यांनी मोडला नव्हता, तो फक्त शेवटपर्यंत वाचला होता. आपल्याकडे यालाच वकिली डोके म्हणतात.

परंतु हसण्याच्या प्रसंगांपेक्षा मला अधिक लक्षात राहिला तो एक न हसण्याचा प्रसंग. मिचला काम झेपत नाही, प्राध्यापक घालूनपाडून बोलतात, आणि तो घरी दूरध्वनी करून आईवडिलांपाशी रडतो. मला परत यायचे आहे, असे म्हणतो. केंट ते संभाषण चोरून ध्वनिमुद्रित करतो आणि दुसऱ्या दिवशी भोजनगृहात सगळ्यांसमोर मोठ्याने लावतो. चित्रपटगृहात इतर प्रेक्षक कसे वागले, ते मला आठवत नाही. आम्ही चौघे गप्प झालो होतो. त्या काळात भारतात दूरध्वनी करणे आमच्यासाठी चैन होती. निळे हवाई पत्र पोहोचायला दोन-तीन आठवडे लागत, आणि त्या पत्रात आम्ही चौघेही 'येथे सर्व कुशल आहे' एवढेच लिहीत होतो. रडायला दूरध्वनी परवडणारा तो मुलगा आम्हाला श्रीमंत वाटला, आणि त्याची टेप ऐकताना मात्र ती आपलीच आहे, असे वाटले.

आता या चित्रपटांचे दोषही सांगितले पाहिजेत, कारण त्यांच्याकडे केवळ आठवणींच्या चष्म्यातून पाहणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 'रिव्हेंज ऑफ द नर्ड्स'मध्ये नायक मुलींच्या वसतिगृहात छुपे कॅमेरे बसवतात, आणि त्यांच्यापैकी एक जण मुखवट्याआड दुसराच कोणी असल्याचे भासवून एका मुलीशी शरीरसंबंध ठेवतो. चित्रपट याला विजय म्हणतो. आज त्यावर हसता येत नाही, आणि तेव्हाही हसायला नको होते. 'रिअल जीनियस'मध्ये जॉर्डन ही विलक्षण मुलगी आहे. तिला झोप म्हणून येत नाही, ती श्वास न घेता बोलते, मिचसाठी स्वेटर विणते आणि प्रयोगशाळेतही कोणापेक्षा कमी नाही. पण एवढ्या मोठ्या संस्थेत ठसठशीत अशी ती एकटीच, आणि तलावाच्या मेजवानीला आलेल्या इतर मुली निव्वळ शोभेच्या. आपल्या लोकांचे म्हणाल, तर १९८६ च्या 'शॉर्ट सर्किट'मध्ये एक भारतीय शास्त्रज्ञ आहे खरा, परंतु ती भूमिका फिशर स्टीव्हन्स या गोऱ्या नटाने चेहरा सावळा रंगवून, उसना उच्चार लावून केली आहे. त्यातला एक विनोद मात्र मला अजून आवडतो: मूळचा कुठला, असे विचारल्यावर तो शास्त्रज्ञ कॅलिफोर्नियातले बेकर्सफील्ड सांगतो, आणि पूर्वज कुठले, असे विचारल्यावर पिट्सबर्ग.

शेवटी लॅझ्लोकडे येतो. भुयारात राहणारा हा माणूस एके काळी तेथील सर्वांत बुद्धिमान विद्यार्थी होता. आपल्या शोधांचा उपयोग माणसे मारण्यासाठी होतो आहे, हे कळल्यावर तो खचला आणि जमिनीखाली गेला. मुलांचा लेझर अखेर चालतो, ती आनंदाने बेहोश होतात, आणि तेव्हा हा लॅझ्लोच येऊन विचारतो की, एवढ्या शक्तीच्या किरणाचा उपयोग तरी कशासाठी? तोवर हे कोणीही विचारलेले नसते. प्रेक्षकांनीही नाही, हे महत्त्वाचे, कारण तासभर आपण त्यांच्या खोड्यांत रमलेले असतो. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी २३ मार्च १९८३ रोजी अंतराळातील संरक्षणकवचाची घोषणा केली होती, आणि लेझर व शस्त्र हे दोन शब्द त्या दोन-अडीच वर्षांत वर्तमानपत्रांत रोज एकत्र येत होते. चित्रपटातील मुले मग लष्कराच्या विमानावर बसवलेल्या लेझरचा नेम बदलतात, तो किरण हॅथवे यांच्या घरात साठवलेल्या मक्याच्या ढिगावर पडतो, आणि दारेखिडक्यांतून लाह्यांचा पूर येतो. हॅथवे यांना लाह्या मुळीच आवडत नसतात, हेही आधी सांगून ठेवलेले असते. पटकथेतील इतका काटेकोर हिशोब मला अभियंता म्हणून फार भावतो.

एप्रिल २०२५ मध्ये व्हॅल किल्मर गेल्याची बातमी आली, तेव्हा मुलगी घरी आली होती, आणि आम्ही दोघांनी तो चित्रपट पुन्हा पाहिला. टेपरेकॉर्डरच्या प्रसंगाला ती माझ्यापेक्षाही जोरात हसली. तिचे महाविद्यालयाचे एक संपूर्ण वर्ष पडद्यावरील काळ्या चौकोनांत गेले होते, ज्यांत विद्यार्थ्यांची नावे असत आणि मागे कोणी नसे. लाह्यांच्या पुरालाही ती हसली. मग म्हणाली, "बाबा, पण लेझर तर तयार झालाच ना? तो करायचा कसा, हे आता त्या मुलांना माहीत आहे." मी म्हटले, हो. तिने थोडा विचार केला आणि विचारले, "तुमच्या कंपनीतली भिंगं कुठे जायची?"

मी बावीस वर्षे भिंगांवर पातळ थर चढवण्याचे काम केले आणि ते मन लावून केले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. मी तिला खरे ते सांगितले. आमच्याकडून बाहेर जाणाऱ्या काही खोक्यांवर पत्ता नसायचा, फक्त एक क्रमांक असायचा. आणि तो क्रमांक कोणाचा, हे मी एकदाही विचारले नाही.