कडा सरासरीने ढासळत नाही

(सोलापुरात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सोलापूरपासून समुद्र सरळ रेषेतही 250 किलोमीटरहून लांब. तरी समुद्रकड्यांविषयी बोलायला हे गाव सोयीचं आहे, कारण कोकणातले बरेचसे कडे आणि तुमच्या शेतातली विहीर एकाच दगडातली. विहिरीत उतरलेल्या माणसाने ती कापलेली बाजू जवळून पाहिलेली असते. वर काळी माती, खाली मुरूम, मग फटी पडलेला खडक, मध्येच नखाने उकरता येईल असा गेरूसारखा तांबडा पट्टा आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. विहीर पडते ती पाषाणातून नाही. पावसाळ्यात मुरूम भिजून जड होतो, तांबड्या पट्ट्यातून पाझर सुटतो आणि वरची बाजू खाली येते. समुद्रकड्याचंही निम्मं गणित हेच आहे. उरलेलं निम्मं लाटेचं, आणि लोकांना दिसतं ते तेवढंच.

आधी लाटेचं पाहू. लाट कड्यावर आपटते तेव्हा फटीतली हवा कोंडली जाते, दाबली जाते आणि पाणी मागे सरताच झटक्याने सुटते. दिवसातून हजारो वेळा हे चालतं, त्यामुळे फट रुंदावत जाते. दुसरं काम वाळू आणि गोट्यांचं. नुसतं पाणी काळ्या पाषाणाला फारसं घासू शकत नाही. पाण्यातले गोटे घासतात. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर ओहोटीला उतरलात तर पायाखालचं सपाट खडकाळ अंगण, त्यातले रांजणखळगे आणि कड्याच्या पायथ्याची आडवी खाच, हे तिन्ही एका ठिकाणी दिसतं. ते अंगण म्हणजे कडा मागे सरकताना उरलेलं जोतं. (भरतीच्या वेळी मात्र त्या वाटेवर जायचं नाही. तिथे माणसं वाहून गेली आहेत.)

पायथ्याची खाच खोल होत गेली की वरचा भाग आधाराशिवाय लोंबकळतो. तो किती दिवस टिकेल हे खाचेच्या खोलीइतकंच उभ्या सांध्यांवर, म्हणजे खडकातल्या नैसर्गिक फटींवर, अवलंबून असतं. सांधे कड्याला समांतर असतील तर अख्खा खांब बाहेर झुकून पडतो. दोन तिरके सांधे एकमेकांना छेदत असतील तर पाचरीसारखा तुकडा घसरतो. आणि कडा मातीचा असेल तर बशीसारख्या वळणावरून सगळा उतारच फिरत खाली बसतो. त्यामुळे कड्यासमोर उभं राहिल्यावर पहिला प्रश्न खडक कोणता हा नसून सांधे कुठल्या दिशेला कललेत हा असावा.

आता वरचं पाणी. सोलापूरला वर्षाला साधारण 550 ते 600 मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर 3000 मिलिमीटरच्या पुढे. कड्याच्या माथ्यामागे एखादी उभी भेग आहे आणि ती पावसाने भरली असं धरा. 2 मीटर खोल पाणी भेगेच्या दर मीटर लांबीला सुमारे 2 टन जोराने कडा बाहेर ढकलतं. पाणी 4 मीटर झालं की हाच जोर 4 टन होत नाही, 8 टन होतो, कारण तो खोलीच्या वर्गाने वाढतो. म्हणून एखादा कडा जूनच्या वादळी लाटांना दाद देत नाही आणि ऑगस्टमध्ये समुद्र तुलनेने शांत असताना पडतो. गावात मग ‘काही कारण नसताना पडला’ असं म्हणतात. कारण असतं, ते वरून आलेलं असतं.

दक्षिण कोकणात याला जांभ्याची जोड मिळते. जांभा छिद्रांचा, पाणी झरझर खाली सोडतो. त्याच्या तळाशी मात्र पांढरट-जांभळी चिकणमाती असते आणि ती पाणी पुढे जाऊ देत नाही. पाणी त्या चिकणमातीवरून आडवं वाहत कड्याच्या तोंडाशी झऱ्यासारखं फुटतं, माती धुऊन नेतं आणि वरचा चिरा पोकळीवर उभा राहतो. केरळमधल्या वर्कलाचा कडा हे याचं ठळक उदाहरण: माथ्यावर जांभा, खाली वालुकाश्म आणि चिकणमाती, मधून झरे. तिथे कड्याच्या अगदी काठाशी दुकानं आणि उपाहारगृहं आहेत. काठावर बांधकाम म्हटलं की लोक वजनाची चिंता करतात. वजनापेक्षा घातक असतो शोषखड्डा. बारा महिने पाणी जिरवणारा खड्डा काठापासून दहा पावलांवर असला तर त्या कड्याचा पावसाळा संपतच नाही. माडांना पाट सोडणं हाही त्यातलाच प्रकार.

तिसरी गोष्ट पुळणीची, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूच्या पट्ट्याची. कड्याच्या पायथ्याशी रुंद पुळण असेल तर लाट तिथेच फुटते आणि उधाणाच्या भरतीखेरीज कड्याला शिवत नाही. इंग्लंडमध्ये पूर्व ससेक्सच्या खडूच्या कड्यांवर 2016 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पायथ्याच्या उघड्या खडकात विश्वकिरणांमुळे तयार होऊन साठलेल्या बेरिलियम-10 या मूलद्रव्य-प्रकारावरून गेल्या काही हजार वर्षांचा मागे सरकण्याचा वेग वर्षाला 2 ते 6 सेंटिमीटर निघाला. गेल्या 150 वर्षांत मात्र तो 22 ते 32 सेंटिमीटर आहे. कडा तोच, समोरची पुळण पातळ झाली. वाळू उपसली, नदीवर धरण बांधून ती अडवली किंवा शेजारच्या गावाने बंधारा घालून तिची वाट तोडली, तर परिणाम एकच. सीना-भीमेच्या काठावरच्या माणसाला वाळूचं मोल वेगळं सांगायला नको.

आता मोजणी. इथे सगळ्यात जास्त फसवतो तो ‘वर्षाला इतके सेंटिमीटर’ हा आकडा. यॉर्कशायरच्या होल्डरनेस किनाऱ्यावर हिमनदीने आणलेल्या मातीचे कडे वर्षाला दीड-दोन मीटर मागे जातात. तिथे सरासरीला थोडाफार अर्थ आहे. कठीण खडकात नाही. वर्षाला 10 सेंटिमीटर हा आकडा 29 वर्षं शून्य आणि तिसाव्या वर्षी एका रात्रीत 3 मीटर असाही भरतो.

आणि मुळात तो आकडा काढला कशावरून? 1:50,000 च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर 25 मीटर व्यापते. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका 30 मीटरचा, सेंटिनेल-2 उपग्रहाचा 10 मीटरचा. वर्षाला 10 सेंटिमीटर सरकणारा कडा 30 वर्षांत 3 मीटर जातो, म्हणजे लँडसॅटच्या एका ठिपक्याचा दहावा भाग. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने 1990 ते 2018 मधल्या उपग्रहचित्रांवरून देशाच्या मुख्यभूमीचा 33.6 टक्के किनारा धुपत असल्याचं नोंदवलं. वाळूच्या किनाऱ्यांसाठी ते काम फार मोलाचं आहे, पण ‘स्थिर’ असा शेरा मिळालेला कडा सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ काढू नये.

कड्यासाठी जवळून मोजावं लागतं. ड्रोन स्वस्त झाल्यापासून सगळे तेच वापरतात आणि बहुतेकांची चूक एकच असते: कॅमेरा सरळ खाली धरून उडवणं. त्यात माथा उत्तम येतो, पण कड्याचा उभा चेहरा आणि पायथ्याची खाच येतच नाही. कॅमेरा तिरपा ठेवून समुद्राच्या बाजूने कड्याला समांतर फेऱ्या माराव्यात, वेगवेगळ्या उंचीवरून. एका फेरीतल्या लागोपाठच्या चित्रांत 80 टक्के, शेजारच्या फेऱ्यांत 70 टक्के सामायिक भाग हवा. जमिनीवरच्या खुणा माथ्यावर आणि पायथ्याशी, दोन्हीकडे लावाव्यात आणि त्यांची जागा आरटीके जीपीएसने (जवळच्या स्थिर केंद्रावरून चूक दुरुस्त करत जाणाऱ्या अचूक जीपीएसने) 2-3 सेंटिमीटरच्या आत ठरवावी. खुणा फक्त माथ्यावर ठेवल्या तर चित्रांवरून तयार होणारं कड्याचं त्रिमितीय प्रतिरूप खाली वाकडं होतं आणि तो वाकडेपणा धूप म्हणून अहवालात जातो. वेळ ओहोटीची निवडावी. ओला, चमकणारा खडक आणि हलतं गवत दोन्ही गोंधळ घालतात.

दोन मोजण्यांमधला फरक काढताना आधी चुकीची मर्यादा ठरवावी. प्रत्येक मोजणीत 4 सेंटिमीटर अनिश्चितता असेल तर दोन्हींच्या वर्गांची बेरीज 32, वर्गमूळ साधारण 5.7, त्याला 1.96 ने गुणलं की 11 सेंटिमीटर. त्याहून कमी दिसलेल्या बदलाला धूप म्हणायचं नाही, नकाशावर तो कितीही लालभडक दिसो. उपग्रहाच्या रडारने जमिनीची हालचाल मोजतात तीही उभ्या कड्यावर फारशी कामाची नाही. तो वरून तिरपा पाहतो; कड्याच्या तोंडाचा बराच भाग सावलीत जातो किंवा एकावर एक दुमडला जातो.

पडण्याआधी काही कळतं का, हा नेहमीचा प्रश्न. कधी कधी कळतं. माथ्यावरच्या भेगेच्या दोन्ही बाजूंना बोल्ट पक्के बसवून त्यांच्यातलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने घेत राहायचं. दोन बोल्ट फक्त रुंदी सांगतात. तिसरा बसवून त्रिकोण केला तर बाजूची सरकही कळते. समजा भेग पहिल्या दिवशी 2 मिलिमीटर उघडते, दुसऱ्या दिवशी 2.5, मग 3.3, मग 5. या वेगांचे व्यस्त (1 भागिले वेग) काढा: 0.5, 0.4, 0.3, 0.2. रेघ सरळ खाली येते आणि सहाव्या दिवशी शून्याला टेकते. 1985 साली जपानच्या फुकुझोनो यांनी मांडलेली ही पद्धत आजही खाणींत वापरतात. मातीच्या आणि सावकाश सरकणाऱ्या उतारांवर ती चांगली चालते. ठिसूळ पाषाणात मात्र शेवटची धाव काही तासांत संपते, कधी नोंदच होत नाही. शिवाय भेग उन्हानेही उघडते-मिटते, म्हणून वाचन रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो पहाटे घ्यावं. शेजारी पर्जन्यमापक आणि भोकात पाण्याची पातळी दाखवणारी नळी असेल तर तिन्हींचे आलेख एकाखाली एक लावून पाहता येतात. तसं नसेल तर भेगेचे नुसते आकडे फार काही बोलत नाहीत.

मग घर कुठे बांधायचं? साधा हिशेब असा: वेग गुणिले इमारतीचं आयुष्य, अधिक एका वेळी पडू शकणाऱ्या तुकड्याची जाडी, अधिक मोजणीतली चूक. वर्षाला 10 सेंटिमीटर, 60 वर्षं, तुकडा 4 मीटरचा, चूक 2 मीटर. म्हणजे काठापासून किमान 12 मीटर. यातला तुकड्याच्या जाडीचा आकडा लोक हमखास गाळतात आणि फसतात. किनारा नियमन क्षेत्राची अंतरं भरतीरेषेपासून मोजतात, कड्याच्या काठापासून नाही; त्यामुळे परवानगी मिळाली म्हणून जागा टिकाऊ ठरत नाही. इंग्लंडमधल्या बीची हेड कड्याजवळचं बेल टाऊट दीपगृह 1999 साली अख्खं उचलून 17 मीटर मागे सरकवावं लागलं होतं. पायथ्याशी भिंत बांधणं हा लोकप्रिय उपाय, पण भिंत लाट अडवते, वरचं पाणी नाही. तिच्या टोकांशी धूप वाढते आणि कड्यातून पुळणीला मिळणारा मालही बंद होतो. आधी माथ्यावरचं पाणी गटाराने काठापासून लांब नेणं आणि आत साठलेल्याला आडव्या भोकांतून वाट देणं हे स्वस्तही आहे आणि बहुतेक ठिकाणी जास्त उपयोगी.

इथल्या महाविद्यालयांच्या सहली दर वर्षी कोकणात जातात. त्यांना ड्रोनशिवायही कामाची नोंद करता येईल. एक पक्की जागा ठरवा, जिथून दर वर्षी त्याच उंचीवरून, त्याच दिशेने कड्याचं छायाचित्र घ्यायचं. चौकटीत मोजपट्टी किंवा माहीत असलेल्या उंचीची वस्तू असू द्या. कड्याखाली जाऊ नका. कड्याच्या उंचीइतकं तरी अंतर ठेवा. ताजा ढीग दिसला तर त्याची लांबी-रुंदी लांबूनच अंदाजून घ्या, पडलेल्या दगडांच्या कडा धारदार आहेत की घासलेल्या हे लिहा, ओल कुठल्या थरातून येते ते लिहा. आणि प्रत्येक चित्रामागे तीन गोष्टी हव्यातच: तारीख, भरती-ओहोटीची वेळ आणि आधीच्या तीन दिवसांचा पाऊस.