वर्ष, महिना, दिवस जोडून तारीख करा, पण स्लॅश लावून नको!

नमस्कार मंडळी. परत तोच प्रश्न. "दादा, डेटाबेसच्या टेबलात वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे कॉलम आहेत, त्यांची एक तारीख कशी करू?" मागच्या व्हिडिओखाली इतक्या जणांनी विचारलंय की आज तो मिटवूनच टाकू.

उत्तर अर्ध्या मिनिटाचं. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये २०१२ च्या आवृत्तीपासून डेटफ्रॉमपार्ट्स हे फंक्शन आहे, पोस्टग्रेसमध्ये ९.४ पासून मेक_डेट. कंसात वर्ष, महिना, दिवस, याच क्रमाने. झालं.

आता खरं दुखणं. एकाने लिहिलंय, "एवढं कशाला? मध्ये स्लॅश टाकून जोडा आणि कास्ट करा, म्हणजे त्या मजकुराची तारीख होईल." बाबा रे, मी तेच केलं होतं! गोव्यात मालीमच्या जेटीवर मासेमारी बोटींना बर्फ पुरवणारा एक ओळखीचा आहे, त्याचं रजिस्टर एसक्यूएल सर्व्हरमध्ये घेत होतो. दिवस, स्लॅश, महिना, स्लॅश, वर्ष. रिपोर्ट काढला, तर १ जूनला एका ट्रॉलरला चाळीस लाद्या बर्फ! १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक. बर्फवाला म्हणाला, "बंदीत समुद्रात कोण गेला, तू?"

रजिस्टरात होती ६ जानेवारी. सर्व्हरची भाषा अमेरिकन इंग्रजी, तो महिना आधी वाचतो. २५ जानेवारी असती तर एरर आला असता, कारण पंचविसावा महिना नसतोच. पण मी शहाणपणाने ट्राय_कास्ट लावलेलं, ते एरर देत नाही, म्हणून तिथे गुपचूप नल, म्हणजे रिकामी जागा. आणि १ ते १२ तारखा? त्या बिनबोभाट उलट्या होतात. त्यात २ फेब्रुवारी, ५ मे बरोबर येतात, आणि आपल्याला वाटतं सगळंच बरोबर आहे.

"मग वर्ष आधी लिहितो," म्हणाल. चांगलं, पण शून्य विसरू नका. एसक्यूलाइटमध्ये २०१९-९-५ हा नुसता मजकूर, तो २०१९-१०-२ च्या नंतर लागतो. म्हणजे सप्टेंबर ऑक्टोबरच्या मागे! डेट फंक्शनला दिलात तर नल. तिथे प्रिंटएफने महिना आणि दिवस दोन-दोन आकडी करून घ्या.

मायएसक्यूएलवाले, तुमच्याकडे मेकडेट आहे, पण नावावर जाऊ नका. त्याला वर्ष आणि वर्षातला कितवा दिवस एवढंच लागतं. १९६१ आणि ३५३ दिलेत, तर १९ डिसेंबर १९६१, आपला गोवा मुक्तिदिन. महिना द्यायला जागाच नाही. तुम्ही जोडूनच घ्या, पण स्ट्र_टू_डेटला फॉरमॅट स्वतः सांगा, त्याच्या अंदाजावर सोडू नका.

आणि "डेटफ्रॉमपार्ट्स एरर देतं, बेकार आहे" म्हणणाऱ्यांनो, त्याच रजिस्टरात ३१ नोव्हेंबरची नोंद होती. स्लॅशने जोडली तेव्हा ती कधी दिसलीच नाही, डेटफ्रॉमपार्ट्सने लगेच अडवली. बर्फवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "तारीख काय ती तू घाल, उधारी मात्र खरी आहे."