पंखा, बटण आणि दहा आकडे

नमस्कार श्रोतेहो.

मूल स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, आहे असं कळलं, की त्या रात्री एकच प्रश्न डोक्यात घोळतो : माझं कुठे चुकलं? माझ्याही घोळत होता. म्हणून आधी तेच सांगते. तुमचं चुकलेलं नाही. पुन्हा सांगते, तुमचं चुकलेलं नाही. एके काळी भलेभले तज्ज्ञ आईलाच दोष देत. 'फ्रिजसारख्या थंड आया' म्हणत. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं ते खोडून काढलं. त्याचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. १९७७ मध्ये जुळ्यांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा पुढे आला. आणि लशीवर खापर फोडणारा १९९८ चा तो गाजलेला लेख? तो छापणाऱ्या नियतकालिकानंच २०१० मध्ये मागे घेतला.

मुलाचे बाबा गप्प झाले, तर त्यांना काही वाटत नाही असं समजू नका. आणि ते रिपोर्ट इतक्या बारीक अक्षरांत का छापतात हो? ज्या दिवशी डोळे भरलेले असतात, त्या दिवशी तरी ठळक छापा!

असो. आता आमच्या पंख्याची गोष्ट. घरचे म्हणतात, ही कुठेही गेली तरी पंख्यावर येतेच. येते, तर येते.

मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. हाक नाही, बोट दाखवणं नाही. पंखा हवा असला की माझं मनगट धरून न्यायचा आणि हात बटणावर ठेवायचा. माझ्याकडे बघायचाही नाही. मला वाटायचं, मी याची आई नाही, स्टूल आहे. स्पीच थेरपीच्या ताई म्हणाल्या, "अहो, तो मागतोय! तुमच्याकडे येऊन मागतोय. फक्त बटण लगेच दाबू नका. मनात दहा आकडे मोजा, त्याला वेळ द्या." लक्षात ठेवा हं, दहा आकडे. मी मोजले. पंधरा दिवस मोजले. काही नाही.

मग एका दुपारी वीज गेली. यानं माझा हात नेला, मी दहा मोजून बटण दाबलं, पंखा ढिम्म. त्यानं माझं बोट पुन्हा दाबलं. पुन्हा एकदा. आणि मान वर करून थेट माझ्या तोंडाकडे बघितलं. चांगलं रागानं! एवढंही जमत नाही का तुला?

वीज गेली म्हणून आनंदानं रडणारी मी एकटीच असेन. तेवढ्यात ती आलीही. पंखा गरगरला, आणि स्वारी मला विसरून त्याच्याखाली आडवी.