पंखा बंद केल्यावर

(दृश्य: कोथरूडमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाचा हॉल. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर शहराचा मोठा नकाशा.)

सकाळचे साडेदहा. दुपारी एक ते चार हा पुण्यात विनोदाचा विषय असला, तरी ऐंशीच्या माणसासाठी ती गोळ्यांची आणि झोपेची वेळ असते. त्यामुळे बैठक सकाळी. पंख्याच्या घरघरीत निम्म्यांना ऐकू येईना, म्हणून पंखा बंद. मग उकाडा.

शहरात फिरताना ज्येष्ठांना कुठे अडतं, हे एका सहभागी संशोधन प्रकल्पात शोधायचं आहे. नकाशा त्यांनीच भरायचा, निष्कर्षही त्यांच्यासोबत बसून काढायचे. 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेने ज्येष्ठस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली, तीही 33 शहरांतल्या ज्येष्ठांशी बोलून. त्यांत आपल्याकडची दिल्ली आणि उदयपूर होती.

सुरुवातीलाच संमतीपत्र आडवं येतं. "सही कशाला? तोंडी विचारा की," एक आजोबा म्हणतात. फोनवरच्या फसवणुकीच्या बातम्या रोज वाचणारा माणूस दुसरं काय म्हणणार! एका आजींचा कागद मुलगाच भरायला घेतो. हेतू मदतीचाच, पण संमती आजींची हवी. पेन त्यांच्या हातात जायला पंधरा मिनिटं लागतात.

पुढचा पाऊण तास दोन निवृत्त अधिकारी बोलतात. फूटपाथ, अतिक्रमण, सिग्नल, सगळं मुद्देसूद. बायका ऐकून घेतात.

चहा येतो, पुरुष व्हरांड्यात जातात. कोपऱ्यातल्या आजी टिपणं घेणाऱ्या मुलीला जवळ बोलावतात.

"अगं, फूटपाथचं ठीक आहे. पण गावात जायचं असलं की मी सकाळपासून पाणीच पीत नाही. मध्येच लागली तर जायचं कुठे?"

शेजारच्या तिघी मान हलवतात.

पंचाईत इथे आहे. प्रस्ताव मंजूर झालाय तो फूटपाथचा. पैसा, मुदत, प्रश्नावली, सगळं त्यालाच बांधलेलं. अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी 1969 साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. लोकांना नुसतं मत विचारणं ही त्यातली चौथी पायरी. निर्णयात वाटा मिळतो तो सहाव्या पायरीपासून. आजींचं म्हणणं टिपून घेतलं आणि प्रश्न फूटपाथचाच ठेवला, तर आपण चौथीवरच. 'सहभागी' म्हणून मिरवणारे बरेच प्रकल्प तिथेच बैठक मारून असतात.

नकाशावर निळा रंग येतो, स्वच्छतागृहांसाठी. मुदत मात्र तेवढीच राहते.

(दृश्य: नारायण पेठ. जुन्या इमारतीचा अरुंद जिना.)

हॉलमध्ये आले ते ज्यांचे पाय अजून चालतात ते. बाकीच्यांसाठी तीन मजले चढायचे. लिफ्ट नाही.

इथल्या आजी सगळ्याला "छान चाललंय" म्हणतात. सून खोलीतच आहे. थोड्या वेळाने ती भाजी आणायला खाली जाते. आजी खिडकीबाहेर बोट दाखवतात.

"तो बसस्टॉप दिसतो ना? चार वर्षं इथूनच बघतेय. तुझ्या नकाशात कुठे येतो तो? दाखव बरं."

मुलगी नकाशा पलंगावर पसरते.